खाडीवर स्लॅलमला उतरण्याआधी: तयारीची यादी

स्लॅलम म्हणजे बोटीमागे दोर धरून, एकाच स्कीवर, पाण्यावर डावी-उजवीकडे वळणं घेत जाणं. त्याच्या यादीची पहिली ओळ तिथीची. स्की कोणती, दोर किती मीटरचा, जाकीट कुठल्या मापाचं, हे सगळं पुढे येईलच. पण कोकणात एका स्कीवर वळणं घ्यायची तर आधी पाणी निवडावं लागतं, आणि ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर निवडता येतं. किनाऱ्यावरचा जुना हिशेब सरळ आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पाणी भरलेलं. नवमीला पावणेसात, दशमीला साडेसात. शिवाय याच दिवसांत भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटीचा काळ असतो, त्यामुळे पाण्याची चढउतार कमी आणि ओढही कमी. पहाटे वारा जमिनीकडून येतो, तोही हलका. हा मतलई वारा पडून समुद्राकडचा खारा वारा जोर धरेपर्यंतचे दोन-तीन तास आपले. म्हणून दोन्ही पक्षांतल्या अष्टमी ते दशमीच्या सकाळी महिन्याच्या सुरुवातीलाच राखून ठेवा. पौर्णिमा-अमावास्येच्या पहाटे उलट परिस्थिती असते: ओहोटीने खाडीचा तळ ठिकठिकाणी उघडा पडलेला, आणि नंतर उधाणाची भरती लोटत आत येते. त्या सकाळी स्की घरीच ठेवा.

पाऊणपटीचा हिशेब खाडीच्या मुखाशी बरोबर येतो. आत जाल तशी भरती उशिरा लागते. किती उशिरा, हे त्या त्या गावचे मच्छीमारच सांगू शकतात, आणि त्यांना विचारायचं दुसरं मोठं कारण म्हणजे जाळी. आदल्या संध्याकाळी जेटीवर जाऊन “मामा, आज जाळी कुठे लावलीत?” हे विचारणं यादीतलं काम समजा, शिष्टाचार म्हणून सोडून देऊ नका. जाळ्याचा दोर स्कीच्या फिनमध्ये, म्हणजे तळाच्या मागच्या टोकाला असलेल्या पात्यात, अडकला तर माणूस जागच्या जागी थांबतो आणि बोट पुढे जाते. मालवणच्या बाजूला रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, लागलेली असेल तर त्या किनाऱ्याजवळ जायचंच नाही. पाणी त्यांच्या पोटापाण्याचं आहे, आपण तिथे खेळायला आलेलो असतो.

जागा बघायची ती भर ओहोटीला. भरतीच्या वेळी सगळी खाडी सारखीच दिसते. खडपं, त्यांना चिकटलेली कालवं, जुने खुंट, वाळूचा दांडा, हे सगळं पाणी उतरल्यावरच कळतं. कालवांवर एकदा पाय घासला की जखम भरायला किती दिवस लागतात, ते किनाऱ्यावरच्या कुणालाही विचारा. जिथे स्की करणार तिथे भरतीला निदान एक वाव, म्हणजे सहा फूट पाणी असावं. जास्त असेल तर उत्तम. मुखाजवळ जाऊ नका. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते त्या टोकावर पाण्याची ओढ फार. तेच पाणी आत, तारकर्लीच्या मागच्या अंगाला, कितीतरी शांत असतं. ओढ मोजायला यंत्र लागत नाही. नारळाचं सोडण पाण्यात टाका आणि काठाने त्याच्या बरोबरीने चाला. दहा सेकंदांत ते दहा मीटर गेलं तर प्रवाह ताशी ३.६ किलोमीटरचा आहे. एवढ्या प्रवाहात बोटीचा जीपीएस ४६ दाखवत असला तरी प्रवाहाविरुद्ध जाताना स्कीखालून पाणी जवळजवळ ५० ने जातं, आणि परतताना ४२ ने. शिकणाऱ्याला मग एका दिशेला सगळं जमतं, दुसऱ्या दिशेला स्की बुडते, आणि तो दोष स्वतःच्या पायांना देत राहतो.

किती सरळ पाणी हवं याचा अंदाज स्पर्धेच्या मार्गावरून येतो. तो २५९ मीटर लांब असतो. दोन्ही टोकांना बोयांची दारं, आणि मध्ये सहा बोये, आळीपाळीने डावी-उजवीकडे, मध्यरेषेपासून ११.५ मीटरवर. बोट मधून सरळ जाते; स्कीवाल्याने दारातून शिरून सहाही बोयांना बाहेरून वळसा घालत दुसऱ्या दारातून बाहेर पडायचं. पुरुषांचा सर्वोच्च वेग ताशी ५८ किलोमीटर, महिलांचा ५५. ५८ ने हा सगळा मार्ग सोळा सेकंदांत संपतो. वेग घ्यायला आणि थांबायला दोन्ही टोकांना जागा लागते, म्हणून मार्गाच्या दुपटीहून जास्त सरळ पाणी धरा. वाहत्या खाडीत असा मार्ग कायमचा बांधून ठेवणं मला पटत नाही: ओहोटीला नांगराचे दोर सैल पडून बोये सरकतात, आणि होड्यांची वाट अडते. बोयांशिवायही भरपूर शिकता येतं. डावीकडे जितकं बाहेर जाल तितकंच उजवीकडे जायचं आणि दर वळणाला तेवढाच वेळ घ्यायचा, हे सांभाळलंत तरी एक मोसम कमी पडेल.

आता बोट. आपल्या किनाऱ्यावर स्लॅलमसाठी मुद्दाम बनवलेली, मध्यभागी इंजिन आणि दोरासाठी खांब असलेली बोट क्वचितच मिळेल. मिळते ती आउटबोर्ड इंजिनाची, बनाना राइडला वापरतात ती. ती चालते, पण काही गोष्टी आधी बघून घ्या. जलक्रीडेसाठी महाराष्ट्र सागरी मंडळाची परवानगी आहे ना, चालकाच्या अंगाला इंजिन बंद पाडणारी दोरी बांधलेली आहे ना. स्कीचा दोर इंजिनाला घासता कामा नये, म्हणून मागच्या दोन्ही कड्यांना बांधलेला व्ही आकाराचा जोडदोर हवा. बोटीत चालक आणि मागे तोंड करून बसलेला एक निरीक्षक, एवढीच माणसं असू द्या. नातेवाईक मागच्या बाकावर बसले की बोटीची लाट फुगते, आणि नवख्याला तीच लाट ओलांडायची असते. निरीक्षकाशिवाय बोट सुटणार नाही, यावर अडून बसा. चालकाने पुढे बघायचं आणि रेषा सरळ ठेवायची. मागे काय चाललंय ते निरीक्षकाने सांगायचं.

बनाना राइडचा दोर मात्र वापरू नका. तो जाड असतो, ताणला जातो, आणि सुटला की तितक्याच जोराने मागे येतो. स्लॅलमचा दोर कमी ताणणारा आणि पाण्यावर तरंगणारा असतो. हँडलसकट त्याची लांबी १८.२५ मीटर, आणि तो आखूड करण्यासाठी रंगीत फासे असतात: १६ मीटर, १४.२५, १३, १२, ११.२५ आणि पुढे. खेळाची सगळी चुरस या आकड्यांत आहे. ठरलेला सर्वोच्च वेग गाठला की पुढे वेग वाढत नाही, दोर आखूड होत जातो. ११.२५ ला दोर बोयापर्यंतच्या अंतरापेक्षाही आखूड ठरतो. राहिलेलं अंतर शरीर बाहेर झोकून, हात लांबवून गाठायचं. हे पहिल्यांदा नीट कळतं तेव्हा खेळाकडे बघण्याची नजरच बदलते. तुम्ही मात्र १८.२५ वर राहा.

दर सकाळी हँडलजवळचा हातभर दोर बोटांतून ओढून बघा. कोरडा असताना बघा, कारण ओला दोर मऊ लागतो. कुठे केसाळ लागला, कुठे चपटा झाला, गाठीपाशी वळ कडक झाला, तर हँडल बदलायचं. उन्हाने आणि मिठाने दोर तिथेच आधी खचतो. हँडलच्या टोकांच्या टोप्या घट्ट आहेत का तेही बघा. दांड्याची जाडी तुमच्या हाताची: मूठ वळल्यावर बोटांची टोकं तळव्याला जेमतेम टेकली पाहिजेत. जाड दांडा धरून कोपरापासून मनगटापर्यंत हात भरून येतो आणि दोष ताकदीला दिला जातो. हँडलच्या त्रिकोणात पट्ट्यांची जाळी असलेलं मिळालं तर तेच घ्या, पडताना हात किंवा डोकं त्यातून आत जात नाही.

स्कीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवायला सांगेन. उंचीवरून स्की निवडू नका. लांबी ठरते ती तुमच्या वजनावर आणि बोटीच्या वेगावर. बहुतेक प्रौढ माणसं ६५ ते ६८ इंचांत बसतात. वजन जास्त असेल किंवा वेग कमी असेल तर लांब आणि रुंद स्की. आपल्या बोटी आणि आपली सुरुवात, दोन्ही हळू. म्हणून उत्पादकाच्या तक्त्यात दोन मापांच्या मध्ये पडत असाल तर मोठं घ्या. पूर्ण कार्बनची, ताठ, स्पर्धेची स्की ताशी ५५ ला सुंदर वळते, पण ४२ ला ती नुसती बसून राहते. शिकणाऱ्याने रुंद अंगाची, थोडी लवचीक स्की घ्यावी. जुनी घेत असाल तर तळावरून नख फिरवा, कडांना चीर आहे का बघा, आणि बाइंडिंगखालचे (पाय अडकवायच्या बुटांखालचे) स्क्रू प्रत्येकी एकदा सोडवून परत आवळून बघा. स्क्रू नुसता फिरत राहिला तर आतली आटी गेलेली आहे. ती स्की कितीही स्वस्त असली तरी परत करा.

पुढे कुठला पाय, हे पैसे देण्याआधी ठरवा. मागून कुणी हलकेच ढकललं तर जो पाय आधी पुढे पडतो तो, अशी एक परीक्षा आहे. पण खरी परीक्षा दोन स्कींवर पाण्यातच होते. सरळ जाताना एक स्की थोडी उचला, मग दुसरी. ज्या पायावर शांत उभं राहता तो पुढे. बाइंडिंग दोन्ही पायांना पूर्ण बूट असलेलंही मिळतं, आणि पुढे बूट, मागे पावलाच्या पुढच्या भागावरचा पट्टा, असंही मिळतं. माझं मत स्पष्ट आहे: पहिली काही वर्षं मागे पट्टाच. सुरुवातीला मागचा पाय बाहेर ठेवून सुकाणूसारखा ओढता येतो आणि उठणं सोपं जातं. दोन बुटांत एक सुटला आणि दुसरा अडकला तर घोटा आणि पोटरीवर सगळा भार येतो. बूट असा हवा की टाच उचलत नाही, पण पीळ पडला की पाय निसटतो. घालताना पाण्यात मिसळलेला सौम्य शाम्पू लावा. जोर लावून रबर फाडू नका.

फिन कारखान्यातून आली तशी राहू द्या. जाणकार तिची खोली, लांबी आणि शेपटापासूनचं अंतर इंचाच्या हजारांशात मोजून बदलतात, पण त्यासाठी आधी तुमचं वळण रोज सारखं येत असायला हवं. आहे ते माप मोजून मात्र ठेवा, म्हणजे स्क्रू ढिला होऊन फिन सरकली तर कळेल. आणि जेटीच्या सिमेंटवर स्की फिनवर टेकवून उभी करायची नाही.

अंगावर काय? जाकीट तरंगवणारं, प्रमाणित, तीन-चार पट्ट्यांनी घट्ट बसणारं. खांद्यांना धरून वर ओढल्यावर ते हनुवटीपर्यंत सरकलं तर मोठं आहे. स्पर्धेत घालतात ती पातळ जाकिटं सुंदर दिसतात, पण त्यांतली कित्येक जीवरक्षक म्हणून प्रमाणित नसतात. खाडीत ती नकोत. निओप्रीनची चड्डी बाई असो वा पुरुष, प्रत्येकाने घालायचीच. वेगाने मागे आपटल्यावर पाणी दाबाने शरीरात शिरून आतल्या गंभीर जखमा होतात, आणि साधी पोहण्याची चड्डी ते अडवत नाही. ही गोष्ट संकोचाने कुणी सांगत नाही, म्हणून मी मुद्दाम लिहितोय. हातमोजे आवडीप्रमाणे, पण अंगठी काढून.

खुणा बोट सुटण्याआधी तिघांनी मिळून एकदा करून बघा. अंगठा वर: वेग वाढवा. अंगठा खाली: कमी करा. डोक्यावर थोपटलं: परत चला. गळ्यावरून आडवा हात: थांबा. पडल्यावर लगेच हात वर: मी ठीक आहे. हात वर आला नाही तर बोटीने ताबडतोब वळायचं. पाण्यात थांबलेल्याने स्की उभी धरावी, म्हणजे इतर होड्यांना दिसते. बोट जवळ येईल ती चालकाच्या बाजूने, माणूस सतत त्याच्या नजरेत राहील अशी. आणि चढताना इंजिन पूर्ण बंद, नुसतं न्यूट्रल नाही.

उठताना गुडघे छातीशी, हात सरळ, स्कीचं टोक वीतभर पाण्याबाहेर. १९२२ साली अमेरिकेत पेपिन सरोवरावर राल्फ सॅम्युएलसन हा तरुण फळ्यांवर उभा राहायचा प्रयत्न करत होता. फळ्यांची टोकं वर वळवली तेव्हाच त्याला जमलं. टोक पाण्याखाली गेलं की आजही सगळं तिथेच संपतं. उठायची घाई करू नका, बोटीला ओढू द्या. दोर सैल पडला आणि झटका येणार असं वाटलं तर हँडल सोडा. दोर हाताला गुंडाळायचा नाही, कधीच नाही.

आणि घरी आल्यावर, आंघोळीच्याही आधी, गोडं पाणी. नुसती स्की धुऊन भागत नाही. फिनच्या पेटीत स्क्रूच्या डोक्याभोवती पांढरट भुकटी दिसली तर समजा, अॅल्युमिनियम आणि पोलाद मिठात एकमेकांना खायला लागले आहेत. आठवड्याला स्क्रू काढा, पुसा, बोटीसाठी मिळतं ते ग्रीस लावून परत बसवा, आणि फिनचं माप पुन्हा जुळवा. बुटातली वाळू झटकून बूट सावलीत उलटा ठेवा. दोर सैल वेटोळ्यात, उन्हाबाहेर. मे महिन्यात स्की बंद गाडीत ठेवू नका, उष्णतेने बुटाची चिकटवण सुटते. पावसाळ्यात या किनाऱ्यावर जलक्रीडा बंदच असतात. तेव्हा बाइंडिंग पूर्ण उतरवून, सगळे स्क्रू एका डबीत घालून, डबी स्कीलाच बांधून ठेवा.