खासगी आर४४ आणि ‘हे करायलाच लागतं का?’

भारतात एएमई (विमान देखभालीचं शिक्षण) करून इथे अमेरिकेत ए अँड पी, म्हणजे एअरफ्रेम अँड पॉवरप्लांट मेकॅनिकचं सर्टिफिकेट काढलेली आपली मुलं कामाला लागली की बहुतेकांचा गोंधळ उडतो तो खासगी मालकांच्या हेलिकॉप्टरवर. एअरलाइनच्या कामात टास्क कार्ड हातात येतं, त्यावर लिहिलंय ते करायचं. इथे मात्र मालक समोर उभा राहून इस्टिमेटवरच्या प्रत्येक ओळीवर बोट ठेवतो आणि विचारतो, हे करायलाच लागतं का? मी कॅलिफोर्नियात अशाच एका छोट्या शॉपमध्ये आहे. आमच्याकडे जास्त करून रॉबिन्सन कंपनीची आर२२ आणि आर४४ ही छोटी हेलिकॉप्टरं येतात, म्हणून उदाहरणंही त्यांचीच देतो.

मूळ नियम आहे अमेरिकेच्या विमान-नियमांतल्या पार्ट ९१ मधला ९१.४०९. मालक स्वतःच्या कामासाठी उडवत असेल, तर दर १२ कॅलेंडर महिन्यांत एक ॲन्युअल, म्हणजे वार्षिक तपासणी. ५ मार्चला सही झाली तर पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत चालतं. ॲन्युअलवर सही करायला आयए, म्हणजे तपासणीचा जादा अधिकार मिळालेला मेकॅनिक लागतो, नुसत्या ए अँड पीवर भागत नाही. हंड्रेड-अवरवर, म्हणजे दर शंभर तासांच्या तपासणीवर, ए अँड पी सही करू शकतो. तपासायच्या गोष्टी दोन्हीत त्याच.

हंड्रेड-अवर कधी लागतं, इथे नवे लोक हमखास फसतात. पैसे घेऊन प्रवासी नेत असाल तर लागतं. पैसे घेऊन शिकवणारा स्वतःच हेलिकॉप्टर पुरवत असेल तरी लागतं. पण मालकाने स्वतःच्या हेलिकॉप्टरवर शिकायला बाहेरून इन्स्ट्रक्टर बोलावला, तर लागत नाही. जिथे लागतं तिथे दुरुस्तीच्या ठिकाणी पोचण्यापुरती दहा तासांची सूट मिळते, पण वापरलेले तास पुढच्या शंभरातून वजा होतात. वर्षाला तीस-चाळीस तास उडवणाऱ्या शेतमालकाला या सगळ्याशी देणंघेणं नसतं. त्याचं ॲन्युअलच आधी येतं.

याच्या पलीकडे खासगी मालकाला बांधून ठेवणाऱ्या मुख्य गोष्टी दोन. एक, एफएएचं (अमेरिकेची विमान नियामक संस्था) एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह, म्हणजे एडी, हा सक्तीचा सुरक्षा-आदेश. दुसरी, कंपनीच्या मेंटेनन्स मॅन्युअलमधला एअरवर्दिनेस लिमिटेशन्सचा, म्हणजे सक्तीच्या मर्यादांचा भाग. मॅन्युअलचा हा भाग एफएएने मंजूर केलेला असतो आणि तसं त्या पानांवर लिहिलेलंही असतं. आर४४च्या मेन रोटर ब्लेडचं २२०० तासांचं आयुष्य तिथेच आहे. ते संपलं की ब्लेड उतरलंच पाहिजे, मग दिसायला कितीही चकचकीत असो. त्याच हेलिकॉप्टरमधल्या लायकमिंग इंजिनाचा टीबीओही (पूर्ण उघडून दुरुस्त करण्याआधीचा, म्हणजे ओव्हरहॉलआधीचा काळ) २२०० तासांचाच, शिवाय तास भरले नाहीत तरी बाराव्या वर्षी ओव्हरहॉल करा असंही लायकमिंग सांगतं. पण ते येतं कंपनीच्या सर्व्हिस इन्स्ट्रक्शन १००९ या सूचनापत्रातून, म्हणून पार्ट ९१च्या मालकाला ती शिफारस ठरते. हेलिकॉप्टर एकच, आकडा एकच. ब्लेडला कायदा लागू आणि इंजिनाला सल्ला.

सर्व्हिस बुलेटिनवर, म्हणजे कंपनीच्या तांत्रिक सूचनेवर, मोठ्या अक्षरांत ‘मँडेटरी’ (सक्तीचं) छापलेलं असलं तरी दबकू नका. ते एडीत किंवा लिमिटेशन्समध्ये ओढून घेतलेलं नसेल, तर खासगी मालकाला ते बंधनकारक नाही, आणि ते केलं नाही म्हणून ॲन्युअल अडवून धरता येत नाही. मात्र हे झालं ‘कधी करायचं’ याबद्दल. ‘कसं करायचं’ यात सूट नाही: काम हातात घेतलंत की देखभालीच्या नियमांतल्या ४३.१३ प्रमाणे पद्धत मॅन्युअलचीच, किंवा एफएएला मान्य असलेली दुसरी. आणि सेस्नासारख्या छोट्या विमानांवर हात बसलेल्यांसाठी सांगतो, ४३.१५ मध्ये हेलिकॉप्टरसाठी वेगळं कलम आहे. ड्राइव्ह शाफ्ट, मेन गिअरबॉक्स, मेन रोटर, टेल रोटर यांची तपासणी कंपनीच्या मॅन्युअलप्रमाणेच करावी लागते. तिथे स्वतःची चेकलिस्ट चालत नाही.

बंधनकारक नाही म्हणजे टाळा, असं मात्र मी कुणाला सांगत नाही. लायकमिंगचं बुलेटिन ३८८ घ्या, एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या गाइडची तपासणी, ज्याला शॉपमध्ये सगळे वॉबल टेस्ट म्हणतात. हेलिकॉप्टरला दर ३०० तासांनी. रॉकर कव्हर काढायचं, स्प्रिंग सोडवायची, फिक्स्चर बसवून व्हॉल्व्हचं दांडकं इकडून तिकडे किती हलतं ते डायल इंडिकेटरवर मोजायचं. फार हललं तर गाइड झिजलंय, फारच कमी हललं तर आत कार्बन साठलाय. मालक म्हणतो, इंजिन छान चालतंय की! मी विचारतो, सकाळी पहिल्या स्टार्टला जरा वेळ अडखळतं आणि गरम झालं की सरळ होतं का? पुष्कळदा मालक थोडा वेळ काहीच बोलत नाही आणि मग हो म्हणतो. पूर्ण सिलिंडर बदलण्यापेक्षा ही तपासणी फारच स्वस्त पडते.

आर४४च्या इंधन टाक्यांबद्दल तर मी वादच घालत नाही. अपघातात टाकी फुटून आग लागू नये म्हणून आत रबरी ब्लॅडर (लवचीक पिशवी) बसवण्याचं बुलेटिन, एसबी-७८, रॉबिन्सनने २०१० मध्ये काढलं. मार्च २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियात बुली टॉप्सला एक आर४४ पडलं, पेटलं आणि चौघे गेले. तिथल्या कासा या विमान नियामक संस्थेने ३० एप्रिल २०१३ नंतर जुन्या टाक्यांवर उडायला बंदी घातली. एफएएने शिफारशीचं माहितीपत्रक काढलं. मशीन तेच, धोका तोच, फक्त देश वेगळा. बाराव्या वर्षीचं इंजिन ओव्हरहॉल मात्र मी घासाघीस करण्याजोगं मानतो. नियमित उडणारं, कोरड्या हवेत हँगरमध्ये राहणारं इंजिन आणि महिनोन्‌महिने किनाऱ्यावर उभं असलेलं इंजिन यांना एकाच मापाने मोजणं मला पटत नाही.

आता कागदपत्रं. खासगी मालकाचं हेलिकॉप्टर हाती आलं की पाना उचलण्याआधी एडीची यादी काढून लॉगबुकाशी ताडून पाहा. प्रत्येक एडीचा नंबर, रिव्हिजनची तारीख, पूर्तता कशी केली आणि वारंवार करायची असेल तर पुढची कधी, एवढं मिळालंच पाहिजे. मग इस्टिमेट दोन भागांत लिहा. वरच्या भागात ॲन्युअल, एडी, लिमिटेशन्स आणि तपासताना सापडलेले दोष. खालच्या भागात शिफारशी, प्रत्येकीपुढे बुलेटिनचा नंबर. मालकाने नाही म्हटलेली शिफारस वर्क ऑर्डरवर तशीच नोंदवून त्याची सही घ्या. ॲन्युअलमध्ये हेलिकॉप्टर नापास झालं तर दोषांची सही-तारखेची यादी मालकाला द्यावी लागते. त्या यादीत न केलेली शिफारस घुसवू नका.

पुढेमागे भारतात परतून बी१.४ (पिस्टन इंजिनाच्या हेलिकॉप्टरांच्या) लायसन्सवर काम करायचा विचार असेल, तर ही दोन भागांची सवय तिकडे जशीच्या तशी नेऊ नका. तिथे हेलिकॉप्टर खासगी असलं तरी सीएआर-एम या भारतीय देखभाल-नियमांखालचा मंजूर मेंटेनन्स प्रोग्राम पाळावा लागतो. त्यामुळे आधी तो प्रोग्राम मागवून वाचा. इथे खालच्या भागात बसणारं काम तिथे वरच्या भागात असू शकतं.