स्पीच-हिअरिंगला प्रवेश घेताय? या चुका टाळा

नीटमध्ये नंबर लागला नाही की इंदूरच्या मराठी घरांत फिजिओ आणि फार्मसीच्या जोडीला हल्ली बीएएसएलपीचंही, म्हणजे वाचा आणि श्रवणाच्या पदवीचंही नाव निघतं. कोर्स चार वर्षांचा, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. विषय उत्तम आहे, पण मुलं ठरावीक ठिकाणीच अडखळतात.

मान्यता न तपासता फी भरणं. आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता कोर्सगणिक आणि ठरावीक मुदतीची असते. त्यामुळे नुसतं कॉलेजचं नाव ऐकून भागत नाही, आपल्या वर्षाच्या प्रवेशाला मान्यता आहे ना ते परिषदेच्या संकेतस्थळावर पाहा. पदवीनंतर नोंदणी न करता प्रॅक्टिस करणं १९९२ च्या कायद्याने गुन्हा आहे.

फिजिक्स सुटलं असं समजणं. सुटत नाही. डेसिबल, म्हणजे आवाज मोजायचं एकक, लॉगरिदमवर चालतं: ध्वनिदाब दहापट झाला की आकडा २० ने वाढतो. हे डोक्यात बसलं नाही तर ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीचा आलेख, ही नुसती लाल गोलांची आणि निळ्या फुल्यांची नक्षी.

क्लिनिकमध्ये सकाळपासून प्रत्येकाचं २५० आणि ५०० हर्ट्झचं ऐकणं कमीच येतंय? पेशंटच्या कानाला दोष देण्याआधी खोलीकडे बघा. पंखा, एसी, खालच्या रस्त्यावरची वर्दळ, सगळा गोंगाट आधी खालच्या फ्रिक्वेन्सीच बिघडवतो. एकाच बाजूचा कान सगळ्यांचा खराब निघत असेल तर हेडफोन स्वतःच्या कानाला लावून ऐका, वायर हलवून पाहा. लाल उजवीकडे, निळा डावीकडे. घाईत हे उलटं होतं आणि रिपोर्टही उलटा जातो.

हिंदी चाचणी मराठी मुलाला जशीच्या तशी लावणं. इथली सर्वांत मोठी चूक मला हीच वाटते, आणि ती हुशार मुलंही करतात. रामबागेतलं पाच वर्षांचं मूल 'बाळ'ला 'बाल' म्हणतं. हिंदी चाचणीत ळ नाहीच, त्यामुळे तिथे सगळं ठीक दिसतं. मराठी यादी लावली की लगेच उच्चारदोषाची नोंद होते. दोन्ही निष्कर्ष घाईचे. आधी आईला विचारा: मोठी बहीण कसं म्हणते? बाबा कसं म्हणतात? घरात सगळेच 'बाल' म्हणत असतील तर तो इंदुरी मराठीचा वळसा आहे, त्यावर थेरपी कसली करता? घरात सगळे स्वच्छ ळ उच्चारतात आणि हे एकटंच चुकतं, तेव्हा कान टवकारा.

शब्दसंग्रह मोजतानाही तेच. मराठीत 'पाणी', हिंदीत 'जूता', इंग्रजीत 'बॉल' म्हणणाऱ्या मुलाचे एकाच भाषेतले शब्द मोजले तर ते मागे पडलेलंच दिसणार. सगळ्या भाषांची बेरीज करा. भाषेचा खरा विकार असेल तर तो मुलाच्या प्रत्येक भाषेत दिसतो. आणि 'घरी मराठी बंद करा' हा सल्ला तर कुणालाच देऊ नका. दोन भाषा ऐकल्याने भाषाविकार होत नाही. उलट मराठी बंद केली की आजीशी बोलणं तेवढं तुटतं. (हा सल्ला देणारे बहुधा शेजारीच असतात, पण अधूनमधून डॉक्टरही.)

फक्त मुलांचंच क्षेत्र समजणं. पक्षाघातानंतर वाचा गेलेले आजोबा, गिळताना ठसका लागणारे पेशंट, आवाज बसलेल्या शिक्षिका, हेही याच कामात येतात. इंटर्नशिपमध्ये न्यूरो वॉर्डची ड्यूटी चुकवू नका.

राहिलं लॉगबुक, म्हणजे क्लिनिकमधल्या कामाची नोंदवही. रोज भरा आणि सही त्याच दिवशी घ्या. सत्र संपेपर्यंत सुपरवायझर बदललेले असतात.