सॅक भरली की आधी पर्वती चढा

आठ-दहा दिवसांच्या भटकंतीला ४० लिटरची सॅक पुरते. तंबू आणि स्वयंपाकाचं सामान न्यायचं नसेल तर ६०-७० लिटरची घेऊच नका. जागा उरली की "असू दे, लागलं तर" म्हणत आपण ती भरतोच. दुकानात सॅकमध्ये सात-आठ किलो वजन घालायला सांगा, कंबरपट्टा आवळा आणि थोडं चालून बघा. भार कमरेवर यायला हवा. खांदे ओढले जात असतील तर ती सॅक तुमच्या पाठीच्या मापाची नाही, कितीही आवडली तरी.

कपडे तीन जोड बास: एक अंगावर, दोन सॅकमध्ये. रात्री धुवायचे. जीन्स नको, भिजली की लवकर वाळत नाही. जाड टर्किश टॉवेलऐवजी साधा सुती पंचा घ्या. झटकन वाळतो, घडी केली की मुठीएवढा होतो, उन्हात डोक्यालाही गुंडाळता येतो. माझ्या सॅकमधून तो कधीच बाहेर निघत नाही. बूट पायात घालूनच निघा. जड वस्तू मध्यभागी पाठीला चिकटून, रेनकोट सगळ्यांत वर.

निघायच्या आदल्या रविवारी भरलेली सॅक घेऊन पुण्यातल्या पर्वती टेकडीच्या १०३ पायऱ्या चढा. वर गेल्यावर मान आखडली असेल तर घरी येऊन सॅक पलंगावर रिकामी करा आणि "लागलं तर"वाल्या वस्तू बाजूला काढा. साबण, टूथपेस्ट वाटेत कुठेही मिळेल. रोजची औषधं मात्र पुरेशी सोबत ठेवा.