निझवाचा शुक्रवारचा बाजार कसा पाहावा

ओमानमधील निझवा हे गाव पाहायचे असेल तर गुरुवारी रात्रीच तेथे मुक्कामाला पोहोचावे. मस्कतहून मोटारीने दीड-दोन तासांत येता येत असल्यामुळे अनेक पर्यटक शुक्रवारी सकाळी निघतात आणि ज्यासाठी यायचे तो गुरांचा बाजार उलगण्याच्या बेताला तेथे पोहोचतात. हा बाजार सूर्योदयानंतर लगेच रंगात येतो आणि नऊच्या सुमारास ओसरू लागतो. ऑक्टोबर ते मार्च हे महिने हवामानाच्या दृष्टीने सोयीचे आहेत.

जुन्या तटबंदीलगतच्या मोकळ्या जागेत मध्यभागी छपराखाली एक गोल चौथरा आहे. त्याच्याभोवती बोकड, शेळ्या, मेंढ्या घेऊन विक्रेते फेऱ्या मारतात आणि किंमत पुकारत जातात. ज्याला जनावर आवडेल तो हात करून विक्रेत्याला थांबवतो, तेथेच खाली बसून जबडा उघडून दात पाहतो, पाठ आणि कास चाचपतो. पटले तर सौदा होतो, नाही तर दावे पुन्हा ताणले जाते आणि फेरी पुढे चालू राहते. बुरखा घातलेल्या बदू (वाळवंटातील भटक्या जमातींच्या) स्त्रियाही येथे सराईतपणे व्यवहार करतात. हा त्या लोकांचा रोजीरोटीचा बाजार आहे, आपल्यासाठी मांडलेला देखावा नव्हे, हे मनात ठेवून फेरीच्या वाटेबाहेर उभे राहावे आणि कोणाचेही, विशेषतः स्त्रियांचे, छायाचित्र विचारल्याशिवाय काढू नये. खांदे व गुडघे झाकतील असे सैल सुती कपडे घालावेत.

तेथून खजुराच्या दुकानांकडे वळावे. खलास, फर्द, खुनैझी अशा जाती चाखून पाहायला देतात, तेव्हा पहिल्याच दुकानात खरेदी उरकण्याची घाई करू नये. चांदीच्या पेठेत खंजर, म्हणजे ओमानी पुरुषांच्या कमरेचा वाकडा कट्यार, पाहायला मिळतो. जुना म्हणून दाखवलेला प्रत्येक नग जुना असतोच असे नाही. मुठीवरचे आणि म्यानावरचे काम हातात घेऊन नीट पाहावे. घासाघीस चालते, पण ती सौम्य शब्दांत करावी. एका रियालचे 1000 बैसा होतात, त्यामुळे दर नेमका कशात सांगितला ते समजून घ्यावे आणि सुटे पैसे जवळ ठेवावेत.

दुपारच्या जुम्म्याच्या नमाजासाठी दुकाने बंद होतात, म्हणून त्याआधी किल्ला पाहून घेणे इष्ट. शुक्रवारची वेळ आदल्या दिवशीच विचारून घ्यावी. सतराव्या शतकात इमाम सुलतान बिन सैफ यांनी बांधलेल्या या किल्ल्याचा प्रचंड गोल बुरूज खालच्या भागात दगडमातीने भरलेला असल्यामुळे तोफांचा मारा सोसू शकत असे. वर जाणारा जिना अरुंद व वळणांचा आहे. त्याच्या दारांवरील भोकांतून शत्रूवर उकळता खजुराचा पाक ओतत असत, आणि तो पाक गोळा करण्यासाठी पन्हाळ्या पाडलेली कोठारेही तेथे जपलेली आहेत. ती चुकवू नयेत, कारण बाजारात नुकत्याच चाखलेल्या फळाचे या गावातील महत्त्व तेथे कळते.

उन्हे उतरल्यावर फलज दारिस गाठावा. 2006 साली जागतिक वारसा यादीत आलेल्या ओमानच्या पाच कालव्यांपैकी हा एक आहे. याच पाण्यावर खजुराच्या बागा पोसल्या जात असल्यामुळे त्यात साबण वा कचरा मुळीच जाऊ देऊ नये.