डेस्कटॉपला नवा डीव्हीडी रायटर घेताय? आधी कॅबिनेट उघडा

सांगलीतल्या माझ्या दुरुस्तीच्या दुकानात डीव्हीडी रायटर अजून विकला जातो, हे सांगितलं की पुण्या-मुंबईची मंडळी हसतात. हसू देत. लग्नाचं शूटिंग करणारे, सीटी स्कॅनची सीडी देणारी सेंटरं, सीसीटीव्हीचं फुटेज कोर्टात द्यायचंय म्हणून धावत येणारे वकिलांचे कारकून, आणि घरात जुन्या कॅसेटवरून सीडीवर उतरवलेली कीर्तनं जपणारी माणसं, या सगळ्यांना तो लागतो. त्यातले बहुतेक जण येतात आणि म्हणतात, "चांगल्यातला एक रायटर द्या." चांगला-वाईट हा मुद्दा नंतरचा. तो तुमच्या मशीनला बसेल का, हे आधी. आणि ते खोक्यावर वाचून कळत नाही, कॅबिनेटचं झाकण काढून कळतं.

त्याच्याही आधी एक गोष्ट: जुना खरंच मेलाय का? ट्रे उघडत नसेल तर आतला छोटा रबरी पट्टा सैल झालेला असू शकतो. मशीन बंद करून तोंडावरच्या बारीक छिद्रात सरळ केलेली पेपर क्लिप दाबा, ट्रे हातानं बाहेर येतो. पट्टा बदलायचं काम फारसं खर्चाचं नाही. विंडोजमध्ये ड्राइव्हचं चिन्हच दिसत नसेल तर बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये, जाऊन बघा. तिथे ड्राइव्हचं नाव दिसतंय, पण विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळी खूण आणि कोड १९ किंवा ३९ येतोय, तर ड्राइव्ह बहुधा ठीक आहे. एखादं राइटिंगचं सॉफ्टवेअर काढताना रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत, अपरफिल्टर्स आणि लोअरफिल्टर्स नावाच्या नोंदी मागे राहतात, त्या अडवतात. सीडी-डीव्हीडीच्या गटातल्या तेवढ्या नोंदी, रजिस्ट्रीचा बॅकअप घेऊन, जाणकाराकडून काढून घ्या. पैसे वाचले.

सीडी वाचतो पण डीव्हीडी वाचत नाही, किंवा उलट, असं असेल तर मात्र नवा घ्याच. सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा आणि डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा, असे दोन वेगळे लेझर आत असतात. त्यातला एक दमला की दुसरा काही काळ चालत राहतो आणि माणूस महिनोन् महिने डिस्कला दोष देत बसतो.

आता झाकण काढा. प्लग आधी काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. ड्राइव्हच्या पाठीमागे काय लागलंय ते बघा. दोन इंच रुंद चपटी पट्टी, त्यात ४० पिना, शेजारी चार जाड तारांचा पांढरा मोलेक्स प्लग, तर ती आयडीई नावाची जुनी जोडणी. बोटाएवढी बारीक, बहुधा लाल केबल, आणि शेजारी लांबट काळा पॉवर प्लग, तर साटा ही नवी जोडणी. साटाच्या डेटा केबलला ७ संपर्क, पॉवरला १५. आज नवा मिळणारा डेस्कटॉपचा रायटर साटाच असतो, त्यामुळे साटा निघालं तर निम्मी काळजी तिथेच संपते. फोन काढा, पाठीचा फोटो घ्या, ड्राइव्हच्या लेबलचाही घ्या, आणि दुकानदाराला दाखवा.

आयडीई निघालं तर पुढचा प्रश्न मदरबोर्डचा. २००३ च्या सुमारास साटा आलं आणि काही वर्षं बोर्डांवर दोन्ही सॉकेट असायची. इंटेलनं २००६ मध्ये आयसीएच ८ या चिपमधून आयडीई काढूनच टाकलं. ती किंवा त्यापुढची इंटेल चिप असलेल्या बोर्डांवर आयडीई दिसलं तरी ते दुसऱ्या कंपनीच्या जादा चिपवर चालायचं. तुमच्या बोर्डावर साटाची एखादी जागा रिकामी असेल तर साटा ड्राइव्ह घ्या आणि मोकळे व्हा. फक्त एसएमपीएसमधून (वीज पुरवणाऱ्या डब्यातून) साटाचा पॉवर प्लग येतोय का ते बघा. नसेल तर मोलेक्सवरून साटा करणारा कन्व्हर्टर लागतो, आणि इथे मी जरा हट्टी आहे. ज्या कन्व्हर्टरच्या प्लगमध्ये तारा प्लास्टिकमध्ये ओतून बंद केलेल्या असतात, तो घेऊ नका. त्यात आतल्या आत तारा एकमेकींना टेकून प्लग वितळल्याची, जळल्याची उदाहरणं आहेत. प्रत्येक तार वेगळी दाबून बसवलेली, मागून उघडी दिसणारी, असा प्लग मागून घ्या. दोन्ही दिसायला जवळपास सारखेच, म्हणून दुकानदार विचारल्याशिवाय सांगणार नाही.

बोर्डावर साटा मुळीच नसेल तर? जुना वापरलेला आयडीई ड्राइव्ह शोधता येतो, लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत चौकशी करा. पण त्याच्या आतला लेझर किती झिजलाय हे वरून कळत नाही. आयडीई-साटा कन्व्हर्टर पट्टी मिळते, पण काही पट्ट्या एकाच दिशेनं चालतात, तेव्हा 'आयडीई बोर्डाला साटा ड्राइव्ह' असं स्पष्ट सांगून घ्या. आयडीई ड्राइव्हच्या मागे जंपर, म्हणजे पिनांवर बसणारी छोटी टोपी, असतो हेही विसरू नका: एका पट्टीवर दोन ड्राइव्ह असतील तर एक मास्टर, दुसरा स्लेव्ह. माझं मत विचाराल तर अशा मशीनला बाहेरून लावायचा यूएसबी रायटर घ्या. उद्या मशीन बदललं तरी तो सोबत येतो.

साटावाल्यांना दोन बारकावे. खोक्यावर 'साटा ३' वगैरे लिहिलेलं बघून जास्तीचे पैसे देऊ नका. डीव्हीडीचा एकपट वेग सेकंदाला सुमारे १.३८ एमबी, म्हणजे २४ पट धरला तरी ३३ एमबीच्या आसपास. साटाची पहिली, सगळ्यात जुनी पिढीसुद्धा सेकंदाला १५० एमबी नेते. दुसरं, बोर्डावर साटाच्या जागा दोन रंगांच्या किंवा दोन गटांत असतील तर त्यातल्या काही जादा चिपच्या असू शकतात आणि तिथे कधी कधी हार्ड डिस्क चालते पण डीव्हीडी ड्राइव्ह रुसतो. मुख्य चिपसेटच्या जागेत लावा. काही नव्या बोर्डांवर एम.२ एसएसडी (बोर्डावरच बसणारी पातळ स्टोरेज पट्टी) बसवली की साटाची एखादी जागा आपोआप बंद होते, हे बोर्डाच्या माहितीपुस्तकात लिहिलेलं असतं आणि कुणी वाचत नाही. 'नवा ड्राइव्ह खराब निघाला' म्हणून परत आलेले कितीतरी ड्राइव्ह शेजारच्या जागेत लावल्यावर चालू झालेले मी पाहिलेत.

मग माप. नेहमीच्या टॉवर कॅबिनेटमध्ये ५.२५ इंची खाच असते. नाव ५.२५ इंच, पण ड्राइव्ह प्रत्यक्षात सुमारे १४६ मिलिमीटर रुंद आणि ४१ मिलिमीटर उंच. रुंदी-उंची सगळ्या कंपन्यांची एकच, त्यात डोकं घालायला नको. खोली मात्र बघा. बहुतेक नवे ड्राइव्ह १६५ ते १७० मिलिमीटर खोल असतात, जुने याहून लांब असायचे. लहान कॅबिनेटमध्ये ड्राइव्हच्या मागे एसएमपीएसच्या तारांचा गुंता किंवा रॅमच्या पट्ट्या येतात, तिथे एक सेंटिमीटरही मोलाचा ठरतो.

ऑफिसांतून लिलावात निघालेले छोटे, आडवे ब्रँडेड डेस्कटॉप हल्ली घराघरांत आलेत. त्यांत लॅपटॉपसारखा पातळ ड्राइव्ह असतो, आणि तिथे मोठा रायटर घेऊन गेलात तर तसाच परत आणाल. पातळ ड्राइव्हच्या दोन जाड्या आहेत, १२.७ मिलिमीटर आणि ९.५ मिलिमीटर. शाळेच्या पट्टीनं मोजा. जुन्याच्या जाडीचाच घ्या, ९.५ चा १२.७ च्या जागेत सैल बसतो आणि फटीतून धूळ जाते. त्याचा पॉवर प्लगही आखूड असतो, १५ ऐवजी ६ संपर्कांचा, त्यामुळे मोठ्या ड्राइव्हची केबल त्याला लागत नाही. जुनी केबल आणि मागची छोटी पत्र्याची पट्टी फेकू नका, नव्या ड्राइव्हसोबत ती येत नाही.

आता तोंडाचा भाग. ब्रँडेड मशीनमध्ये हा सगळ्यात जास्त छळतो. असेंबल्ड कॅबिनेटला ड्राइव्हचं तोंड उघडं असतं, रंग जुळला की झालं. पण अनेक कंपन्यांच्या टॉवरला पुढून स्वतःचं झाकण असतं आणि त्यावरचं बटण आतल्या ड्राइव्हच्या बटणावर टेकतं. नव्या ड्राइव्हचं बटण चार मिलिमीटर इकडे-तिकडे असलं की वरचं बटण दाबून काही होत नाही, किंवा ट्रे बाहेर येताना झाकणाला अडकतो. म्हणून जुना आणि नवा दुकानातच तोंडाला तोंड लावून बघा, दर्शनी पट्टी पाहून स्थळ पसंत करण्याची ही एकमेव वेळ. पातळ ड्राइव्हमध्ये जुन्याची दर्शनी पट्टी काढून नव्याला लावता येते का तेही बघा, क्लिपा जुळल्या तर लागते. बटण जुळतच नसेल तर माय कम्प्युटरमध्ये (नव्या विंडोजमध्ये 'दिस पीसी') ड्राइव्हवर उजवं क्लिक करून इजेक्ट म्हणता येतं.

स्क्रूबद्दल दोनच वाक्यं. डीव्हीडी ड्राइव्हला एम ३ मापाचे बारीक आट्यांचे स्क्रू लागतात, ३.५ इंची हार्ड डिस्कचे स्क्रू जाड आट्यांचे असतात आणि जोर करून बसवले तर भोक कायमचं बिघडतं. लांबी ५ मिलिमीटरच्या आसपास पुरे.

कॅबिनेटला खाचच नसेल, जशी हल्लीच्या काचेच्या कॅबिनेटना नसते, तर यूएसबीचा बाहेरचा घ्या. त्यात बिघाड म्हणून येणारी निम्मी प्रकरणं विजेची असतात. राइट करताना लेझर आणि मोटर दोन्ही जोरात चालतात, आणि यूएसबी २ चं पोर्ट नियमानं ५०० मिलिअँपिअरच देतं. पुढच्या पोर्टला, लांब वायरला किंवा हबला लावू नका. पाठीमागे थेट बोर्डाच्या पोर्टला लावा. दोन तोंडांची केबल आली असेल तर दोन्ही तोंडं लावा, ती शोभेला दिलेली नाही. वेग मात्र कमी मिळतो, बाहेरचा पातळ रायटर डीव्हीडी साधारण ८ पटीनं लिहितो. रोज पन्नास डिस्क काढणाऱ्या स्टुडिओला तो परवडणार नाही, घरच्या माणसाला काही फरक पडत नाही.

आता खोक्यावरचे शब्द. प्लस आर, मायनस आर या कोऱ्या डीव्हीडीच्या दोन प्रकारांचा वाद जुना, आजचा कुठलाही रायटर दोन्ही लिहितो. साधी डीव्हीडी ४.७ जीबी, दुहेरी थराची ८.५. एम-डिस्क (दीर्घकाळ टिकण्यासाठी बनवलेली डिस्क) प्रकारची डीव्हीडी लिहायची असेल तर तसं चिन्ह ड्राइव्हवर असायलाच हवं, साध्या रायटरवर ती लिहिली जात नाही. ब्लू-रेच्या बाबतीत शब्द नीट वाचा: 'ब्लू-रे कॉम्बो' म्हणजे ब्लू-रे फक्त वाचतो, लिहितो डीव्हीडीच. लिहायची असेल तर 'ब्लू-रे रायटर' हवा, आणि १०० जीबीची डिस्क वापरायची असेल तर त्यावर बीडीएक्सएल लिहिलेलं हवं. पण सोनीनं फेब्रुवारी २०२५ मध्ये लिहिता येणाऱ्या ब्लू-रे डिस्क बनवणं थांबवलं, तेव्हा डिस्क मिळत राहतील का याचा विचार करूनच पैसे घाला.

ड्राइव्ह आणि डिस्क यांचंही जमावं लागतं. प्रत्येक कोऱ्या डिस्कवर कारखान्याचा संकेतांक असतो, तो वाचून ड्राइव्हचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतलं सॉफ्टवेअर, लेझर किती तापवायचा ते ठरवतं. अनोळखी संकेतांक आला की तो अंदाजानं काम करतो. डिस्क बनवणारी मोझर बेअर कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीत निघाली, तेव्हापासून गल्ल्यावरची गठ्ठ्यातली डिस्क कुठून आली हे सांगणं अवघड झालंय. इमेजबर्न हे फुकट सॉफ्टवेअर घाला, कोरी डिस्क टाका, उजवीकडे संकेतांक दिसतो. एक संकेतांक तुमच्या ड्राइव्हवर चांगला चालला की त्याच गठ्ठ्यातल्या जास्त घेऊन ठेवा. आणि ड्राइव्ह २४ पट म्हणत असला तरी मी गिऱ्हाइकांना ८ पटीनं लिहायला सांगतो. दोन-चार मिनिटं जास्त जातात, पण सासरच्या टीव्हीखालच्या जुन्या प्लेअरवर डीव्हीडी अडकत नाही.

बसवून झाल्यावर सिनेमा लावलात आणि विंडोजनं नकार दिला तर ड्राइव्हला शिव्या देऊ नका. विंडोज ८ पासून डीव्हीडी सिनेमा चालवण्याची सोय सोबत येत नाही, व्हीएलसी टाका. डीव्हीडीचा कुठला विभाग (रीजन) असं विचारलं तर भारताचा ५ निवडा. हा विभाग पाचच वेळा बदलता येतो, शेवटचा कायमचा राहतो.

पहिली डिस्क लिहिताना इमेजबर्नमध्ये व्हेरिफायवर खूण ठेवा, म्हणजे लिहिलेलं परत वाचून मूळ फाइलशी ताडलं जातं. कोर्टाचं काम असेल तर हे टाळूच नका. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे फाइलचा अंकी ठसा, लिहावं लागतं, तेव्हा डिस्कवर पोचलेल्या फाइलचं हॅश मूळ फाइलशी जुळतंय ना हे बघा. मग तीच डिस्क दुसऱ्या कुणाच्या तरी मशीनमध्ये उघडून बघा, कारण स्वतः लिहिलेलं स्वतःच वाचून ड्राइव्ह 'ठीक आहे' म्हणतो, आणि वकिलाच्या ऑफिसातला दहा वर्षं जुना ड्राइव्ह तसं म्हणेलच असं नाही.