जुन्या मोटारीचा पत्रा हाताने घडवताना

गंजलेला पत्रा कापून काढण्याची घाई करू नये. तो जागेवर असेपर्यंतच त्याची वळणे, कडा आणि दरवाजा व बॉनेट यांच्यालगतच्या फटी नीट मोजता येतात. आकार गेला असेल, तर दुसऱ्या बाजूच्या मडगार्डवरून साचा घेऊन तो उलटा वापरावा. मात्र जुन्या गाड्यांच्या दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या असतातच असे नाही. दरवाज्याखालचा पत्रा कापायचा असल्यास चौकटीत आधी लोखंडी आडवे दांडे बसवावेत, नाहीतर सांगाडा खचून दरवाजा पुन्हा बसत नाही.

माझ्या मते या कामाचा खरा पाया कागदी नमुना हा आहे. जाड कागद लोहचुंबकांनी शाबूत पृष्ठभागावर धरून बसवावा. ज्या ठिकाणी त्याला चुण्या पडतात तिथे पत्रा आकसावा लागेल, आणि ज्या ठिकाणी छेद दिल्यावर कागदाच्या कडा एकमेकींपासून दूर जातात तिथे तो ताणावा लागेल, हे कागदावरच लिहून ठेवावे. त्याबरोबर आडव्या-उभ्या रेषांवर पुठ्ठ्याचे वक्रमापक साचेही कापून घ्यावेत.

पत्रा साधारण 0.9 ते 1 मिलिमीटर जाडीचा, कोल्ड रोल्ड (थंड अवस्थेत लाटलेल्या) मऊ पोलादाचा घ्यावा. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा टाळावा, कारण वेल्डिंगच्या वेळी त्यातून निघणारा धूर घातक असतो.

ताणायचा भाग वाळूच्या पिशवीवर ठेवून लाकडी हातोड्याने ठोकावा. सुरुवातीला पत्रा खडबडीत दिसतो, त्याने खचू नये. कडा आकसताना तिला चुणी पाडावी आणि ती उलगडू न देता हलक्या ठोक्यांनी धातूतच जिरवावी. त्यानंतर इंग्लिश व्हीलवर (दोन चाकांमध्ये पत्रा दाबून फिरवण्याचे यंत्र), किंवा ते नसल्यास मागे डॉली (हातात धरायचा लोखंडी ठोकळा) धरून सपाट हातोडीने, पृष्ठभाग गुळगुळीत करावा. दर थोड्या ठोक्यांनंतर साचा लावून पाहावा. जास्त ताणलेला पत्रा परत आकसणे कमी ताणलेला आणखी ताणण्यापेक्षा फार अवघड असते.

जोड देताना कडा एकमेकींवर न चढवता फटीशिवाय समोरासमोर भिडवाव्यात, सुमारे 25 मिलिमीटर अंतरावर टाके (वेल्डचे छोटे ठिपके) मारावेत आणि टिग वेल्डिंग (टंगस्टनच्या टोकाने ठिणगी पाडून केलेले) तुकड्यातुकड्याने, जागा बदलत पूर्ण करावे. वेल्ड थंड होताना आकसतो आणि शेजारचा पत्रा ओढतो, म्हणून मागे डॉली धरून वेल्डवरच ठोके देत तो पुन्हा ताणावा. मिग वेल्डिंगचा (ज्यात तार आपोआप पुढे येऊन वितळते) टाका कठीण असल्याने असा सहज ताणला जात नाही. हाताने घडवलेल्या पत्र्यासाठी मी म्हणूनच टिगचा आग्रह धरतो. शेवटी कानस हलकी फिरवावी. जिथे तिचा ओरखडा उमटत नाही तो खोलगट भाग मागून उचलावा, पण उंच भाग घासून पत्रा पातळ करू नये.

कड दुमडून बंद करण्याआधी घडीच्या आत गंजरोधक प्रायमर लावावा, कारण नंतर तिथे ब्रश पोहोचत नाही आणि पाणी मात्र पोहोचते.