लिनक्सवर या चुका टाळा, निदान मला फोन करण्याआधी

मदत मागायला येणाऱ्यांचा मूळ घोळ बहुतेक वेळा फुटकळ असतो. तो निस्तरायला त्यांनी जे उद्योग केलेले असतात, ते निस्तरण्यात रात्र जाते.

सगळ्याला 777

ही चूक माझ्या डोक्यात जाते, म्हणून आधी हीच. लिनक्समध्ये फाइलची परवानगी आकड्यांत देतात: वाचायचे 4, लिहायचे 2, चालवायचा 1, बेरीज 7. मालक, ग्रुप आणि इतर, तिघांनाही 7 म्हणजे घर सताड उघडं.

ओळखीच्या एका मुलाने सर्व्हरवर आपल्या होम फोल्डरमध्येच वेबसाइट ठेवली होती. ब्राउझरमध्ये 403, म्हणजे 'परवानगी नाही', यायचं. त्याने फाइलला 777 दिलं, फरक नाही. साइटच्या फोल्डरला दिलं, तरी 403. शेवटी वैतागून सुडो (पूर्ण अधिकाराने कमांड चालवायची सोय) लावला, -आर (आतल्या सगळ्यासकट) जोडला आणि परवानगी बदलणारी तीच सीएचमॉड कमांड नुसत्या स्लॅशवर, म्हणजे अख्ख्या सिस्टिमवर चालवली. साइट दिसायला लागली! पठ्ठ्या दहा मिनिटं खूश. मग सुडो चालेना आणि मला फोन.

सुडोच्या फाइलवर सेटयूआयडी नावाचा बिट असतो, त्याच्याच जोरावर ती रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी युजरच्या, अधिकाराने चालते. 777 मारताना तो पुसला गेला. होम फोल्डरमध्ये आता कोणीही लिहू शकतं म्हटल्यावर सर्व्हरवर दुरून लॉगिन करायचं एसएसएचही त्याची की (लॉगिनची किल्ली-फाइल) मानेना. "जुनी टर्मिनल विंडो उघडी आहे ना? ती बंद करू नकोस," मी म्हणालो. त्यातून निदान डेटा तरी सरळ बाहेर काढता आला असता. पलीकडे शांतता. मग, "सर, पॅनेलवरून एकदा रिस्टार्ट करून बघितलं..."

मूळ कारण काय होतं? उबुंटूने (लिनक्सचा एक प्रकार) 21.04 आवृत्तीपासून नव्या युजरच्या होम फोल्डरची परवानगी 750 केली आहे, इतरांना दारातूनच मज्जाव. आतली फाइल कितीही मोकळी सोडा, वेब सर्व्हर उंबरठ्यावरच अडणार. साइट उचलून /व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू मध्ये ठेवली असती तर दोन मिनिटांचं काम होतं. मी अशा वेळी 'नेमआय -एल' आणि फाइलचा पूर्ण पाथ टाकतो. स्लॅशपासून फाइलपर्यंत प्रत्येक पायरीचा मालक आणि परवानगी एकाखाली एक दिसते, नेमकं कुठे अडलंय ते लगेच कळतं.

आणि 777 मारून झालंच असेल तर? आरपीएम पॅकेजं वापरणाऱ्या डिस्ट्रोंमध्ये, म्हणजे लिनक्सच्या प्रकारांमध्ये, पॅकेजच्या मूळ परवानग्या परत बसवायची सोय आहे. डेबियन-उबुंटूत तशी तयार सोय नाही. मी तिथे वेळ घालवत नाही. लाइव्ह यूएसबीवरून (पेन ड्राइव्हवरूनच चालणारं लिनक्स) किंवा रेस्क्यू मोडमधून डेटा काढायचा आणि सिस्टिम नव्याने टाकायची.

'वाय' दाबण्याआधी यादी न वाचणं

ॲप्ट, म्हणजे डेबियन-उबुंटूत सॉफ्टवेअर टाकणारी-काढणारी कमांड, काय काढणार आहे ते आधी सांगतं. 2021 मध्ये एका नामवंत यूट्यूबरने कॅमेऱ्यासमोर स्टीम (गेम्सचं ॲप) टाकताना हीच सूचना डावलली आणि त्याचा अख्खा डेस्कटॉप उडाला. मी फक्त एकच बघतो: 'रिमूव्ह'खाली किती नावं आहेत. एक टाकायला गेलो आणि चाळीस निघत असतील तर कंट्रोल-सी, म्हणजे तिथेच थांबायचं.

याचाच चुलतभाऊ म्हणजे सिस्टिमच्या पायथॉनशी खेळणं. डेबियन 12 पासून पिप (पायथॉनची पॅकेजं टाकणारी कमांड) सरळ नकार देतं, 'एक्स्टर्नली मॅनेज्ड', म्हणजे हा पायथॉन सिस्टिम सांभाळते. त्यावर लोक '--ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस' जोडून मोकळे होतात. अरे, नावातच लिहिलंय की मोडेल म्हणून! ॲप्टमध्ये तेच पॅकेज आहे का बघा, नसेल तर व्हेन्व (पायथॉनचा वेगळा कप्पा) बनवा. आणि 'जुना पायथॉन काढून नवा टाकतो' हे तर उबुंटूवर चुकूनही नको. डेस्कटॉपचे अर्धे अवयव त्याच्यावर चालतात.

बाकीच्या, भराभर

ॲप्ट 'लॉक'ची तक्रार करतंय म्हणून लॉक फाइल उडवू नका. बहुतेकदा मागे आपोआप चालणारे अपडेट्स सुरू असतात. चहा पिऊन या.

/बूट (सिस्टिम सुरू करायच्या फाइलींची जागा) भरलं तर जुने कर्नल (लिनक्सचा गाभा) हाताने डिलीट करू नका, 'ऑटोरिमूव्ह' त्यासाठीच आहे.

एफएसटॅब (कोणती डिस्क कुठे जोडायची ते सांगणारी फाइल) बदललीत तर रिबूटआधी 'माउंट -ए' चालवा. चूक असेल तर तिथेच कळेल, नाहीतर इमर्जन्सी मोडचा काळा पडदा आहेच. बाहेरच्या डिस्कला 'नोफेल' लावा, म्हणजे ती नसली तरी सिस्टिम सुरू होईल.

रोजच्या कामाच्या मशीनवर उबुंटूची एलटीएस (दीर्घकाळ अपडेट्स मिळणारी आवृत्ती) सोडून मधली आवृत्ती टाकू नका. तिला जेमतेम 9 महिने अपडेट्स मिळतात, आणि दहाव्या महिन्यात मला फोन येतात.

डीडीने (डिस्कवर थेट लिहिणारी कमांड) पेन ड्राइव्ह बनवताना डिस्कचं नाव आठवणीवर लिहू नका. डीडी 'नक्की ना?' असं विचारत नाही. मी डिस्कची यादी दाखवणारं 'एलएसबीएलके' दोनदा चालवतो, एकदा पेन ड्राइव्ह लावण्याआधी आणि एकदा लावल्यावर. दुसऱ्या वेळी जे नाव नव्याने उगवलं, तेवढंच आपलं.